तरोट्याची दुसरी गाठ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला सांगायचं होतं, ती गेली. मुलाला तर — जाऊ द्या, त्याला तरोटा आणि मेथीतला फरक कळत नाही, त्याला काय सांगणार! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझा हात धरून "असू दे गं, होतं असं कधी कधी" म्हणू शकत नाही. तसं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. होत नसतं असं. माणूस करतो तेव्हा होतं.

आधीच सांगते, मी चिडलेली आहे. कोणावर, ते धड ठरत नाहीये. सरांवर, कुंदावर, माझ्यावर, त्या मेल्या झाडावर. एरवी मी लिहिताना शुद्ध लिहिते, पण संताप आला की आमची नागपुरी बाहेर येते. आली तर येऊ द्या.

माझ्या टेबलावर आत्ता तरोट्याची चार चित्रं आहेत. तरोटा म्हणजे तुमच्याकडे ज्याला टाकळा म्हणत असतील तो. पावसाळ्यात कुठेही उगवतो — रिकाम्या प्लॉटवर, नालीच्या काठाला, ऑफिसच्या पार्किंगमागे. कोवळा असला तर भाजी करतात, जून झाला की कोणी ढुंकून पाहत नाही. सकाळपासून मी ही चित्रं ओळीनं मांडून बसलेय, माझा तोच जुना चष्मा लावून, ज्याची डावी काडी मोडल्यापासून काळ्या दोऱ्यानं बांधलेली आहे. दुकानात न्यायचा कंटाळा. घरातले हसतात त्या दोऱ्याला.

पहिलं चित्र इंग्रजांच्या काळातलं, कोण्या साहेबाच्या हातचं. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या संस्थेत त्याला नुसतं "प्लेट" म्हणायचे, जसं घरात देव म्हणतात. देखणं आहे, नाही म्हणत नाही. फुलाच्या पाकळीवरची शीर न् शीर दिसते. पण या बाबानं जमिनीत उभा असलेला तरोटा जन्मात पाहिला नसावा. कागदात दाबून वाळवलेली फांदी त्याच्यापुढे ठेवली असेल, म्हणून सगळी पानं इस्त्री केल्यासारखी एका बाजूला पडली आहेत. दुसरं चित्र शाळेच्या पुस्तकातलं, त्या प्लेटवरून काढलेलं. तेही सरळ नाही, प्लेटच्या नकलेची नक्कल, त्यामुळे झाड कुपोषित दिसतं. तिसरं माझं. चौथंही माझं.

पाचवं चित्र इथे नाही. ते कुंदाचं होतं.

आता ती गाठ सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. तरोट्याच्या एका पानाला पानोळ्यांच्या, म्हणजे बारक्या उपपानांच्या, तीन जोड्या असतात. सगळ्यांत खालच्या जोडीच्या मधोमध, देठावर, एक बारीक उभी गाठ असते. नारिंगी, टाचणीच्या टोकाएवढी. आणि तिच्या वरच्या जोडीतही तशीच एक असते. दोन गाठी. भिंग लावलं तर शेंबड्या पोरालाही दिसतील. साहेबाच्या प्लेटमध्ये एक आहे. वाळवताना दुसरी गळाली असेल, नाही तर त्यानं आणखी कुठलं झाड पाहिलं असेल, मला माहीत नाही. पुढे सगळ्यांनी एकच काढली. आमच्याकडे ही रीतच आहे हो! पहिल्या वर्षाची पोरगी दुसऱ्या वर्षाच्या पोरीच्या जर्नलमधून चित्र उतरवते, तिनं ते तिच्या आधीच्या पोरीचं उतरवलेलं असतं, आणि मॅडम त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण करतात. झाड खिडकीबाहेर उभं असतं. उठून कोणी जात नाही.

कुंदा जायची.

आम्ही दोघी एमएस्सीला एका वर्गात होतो. ती पारशिवनीकडची, मी कामठीची. प्रताप नगरात एका घरामागची खोली दोघींनी घेतली होती, मागे मोठा रिकामा प्लॉट आणि पावसाळ्यात त्यात कमरेएवढा तरोटा. तुम्हाला वाटत असेल मी आता कुंदाला देवी करणार. मुळीच नाही. महाकिरकिरी बाई! मी घासलेलं भांडं पुन्हा घासायची. माझ्या चित्रावर वाकून म्हणायची, "हे कायचं पान काढलं वं? बेलाचं?" शिकवायची खोड एवढी, की भिंग माझ्या डोळ्याला लावूनच थांबायची. त्या गाठी मला तिनंच दाखवल्या. मी हातात पान धरून, भिंगातून, दोन्ही पाहिल्या. हे लक्षात ठेवा. मी पाहिल्या होत्या.

मग ती जागा निघाली. संस्थेत चित्रकाराची एकच जागा होती, पण कायम. विदर्भातल्या रानवनस्पतींचं मोठं पुस्तक करायचं ठरलं होतं. अर्ज पुष्कळ आले, शेवटी आम्ही दोघी उरलो. संस्थेचे प्रमुख, म्हणजे सर, म्हणाले, दोघींनी एकच झाड काढून आणा, तरोटाच काढा, मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

कुंदाच्या भावानं तिला सांगून ठेवलं होतं की नोकरी लागली तर नागपुरात राहा, नाही तर दिवाळी झाली की पाहुणे बोलावतो. पाहुणे म्हणजे मुलगी बघायला येणारे. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. आणि माझं काय अडलं होतं? काही नाही. कामठीला वडिलांचं घर होतं, वडिलांना पगार होता, "लागली तर लागली, नाही तर बीएड कर" एवढंच ते म्हणाले होते. गरिबीनं केलं, भुकेनं केलं, असं काही सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. नाही मिळत.

ती रोज सकाळी प्लॉटमध्ये विटेवर बसायची, डोक्यावर छत्री, मांडीवर पाट, पाटावर कागद. तरोट्याचं पान तोडलं की लवकर मिटतं, संध्याकाळी तर जमिनीतलंही मिटतं, म्हणून तिचं काम सकाळचंच. डास चावायचे, पाय चिखलात. मी खोलीत पंख्याखाली बसून प्लेटच्या झेरॉक्सवरून काढत होते. मला वाटत होतं, सर प्लेटशी ताडून बघणार, मग प्लेटसारखंच काढलेलं बरं! हात माझा तिच्यापेक्षा चांगला होता, हे आजही सांगते. माझी रेघ वाहती. तिची जरा आखडलेली, शाळकरी. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली असती तर दिसायला माझंच उजवं होतं. फक्त तिच्यात दोन गाठी आणि माझ्यात एक.

चित्रं द्यायच्या दिवशी सकाळी — थांबा.

मी उठून चहा करून आले. एवढ्या वर्षांनीही इथे आलं की मला काहीतरी काम आठवतं.

शाईच्या चित्रात चूक झाली तर ती कशी काढतात, माहीत आहे? दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं. त्या अर्ध्या ब्लेडच्या टोकानं कागदाचा वरचा पापुद्रा हलक्या हातानं खरवडायचा, शाई निघते. मग तिथे अंगठ्याच्या नखानं घोटायचं, म्हणजे कागद पुन्हा गुळगुळीत होतो. नीट केलं तर समोरून दिसत नाही. मी ते नीट करते. संस्थेत नव्या मुलांना ते मीच शिकवते.

कुंदा आंघोळीला गेली होती. तिचं चित्र टेबलावर होतं. तिच्या चित्रात देठ समोरून दिसेल असं पान एकच होतं, बाकीची आडवी नाही तर पाठमोरी. त्या एका पानावर दोन गाठी. न्हाणीतून बादलीचा आवाज येत होता. मी अर्धं ब्लेड घेतलं आणि वरची गाठ खरवडली. मग नखानं घोटलं. फुंकर मारली.

झालं. हेच ते.

काहून केलं? तुम्ही विचारायच्या आधी मीच मला हजारदा विचारून चुकले. दोन चित्रांत फरक दिसला तर सर विचारतील कोणतं खरं, मग कोणीतरी उठेल, पार्किंगमागून एक फांदी आणेल, अन् मी झाड न पाहता काढलं हे उघडं पडेल — हे एक. पण मग मी माझ्या चित्रात एक टिंब द्यायचं होतं ना! पेन तिथेच होतं, शाई उघडी होती. एक टिंब. त्याले क्षण लागते. खरवडायले वेळ लागते, श्वास धरून बसा लागते. मी वेळ काढला, टिंब नाही दिलं. काहून का, टिंब दिलं असतं तर ते तिच्याकडून शिकलेलं झालं असतं. ती भिंग घेऊन डोक्यावर उभी राहणारी किरकिरी पोट्टी बरोबर ठरली असती. ते मले सहन होत नव्हतं. एवढी क्षुद्र गोष्ट आहे ही! मोठं काही पाप असतं तर सांगायलाही बरं वाटलं असतं.

आणि तिच्या ध्यानात येईल हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नव्हती. पण सर तिच्यावर नाही, प्लेटवर विश्वास ठेवतील, हेही कळत होतं. सगळा हिशेब बरोबर होता.

सरांनी तिन्ही कागद टेबलावर मांडले — प्लेट, माझं चित्र, तिचं चित्र. खोलीत अजून दोघे-तिघे होते. कुंदा वाकून पाहायला गेली आणि तशीच थांबली. मग म्हणाली, "सर, यात दोन गाठी होत्या. मी दोन काढल्या होत्या."

सरांनी प्लेट पाहिली. एक. माझं पाहिलं. एक. तिचं पाहिलं. एक. मग मला विचारलं, तुम्ही एका खोलीत राहता, तुम्ही पाहिलंय ना हिचं चित्र?

मी म्हटलं, "एकच होती सर."

कुंदानं कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. खरवडलेली जागा पातळ असते, तिथून उजेड येतो. आला. सगळ्यांना दिसला. आणि सर म्हणाले, म्हणजे तुम्ही स्वतःच काढली, स्वतःच खोडली, आणि आता आम्हाला सांगताय दोन होत्या? असं खोटं बोलणारं माणूस आम्हाला शास्त्राच्या कामात चालत नाही.

ती म्हणाली, "बाहेर चला सर. झाड दाखवते. खिडकीखालीच आहे."

कोणी उठलं नाही. सर उठले नाहीत, गळ्यात भिंग अडकवलेला त्यांचा असिस्टंट उठला नाही. दहा पावलांवर तरोटा उभा होता हो, भरगच्च! एका पोरीच्या म्हणण्यावर गवत बघायला कोण जातो? मी उठले असते तर सगळे उठले असते. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, आणि याचा मला आजही राग येतो. बोलायचं होतंस ना कुंदा! एरवी एवढं तोंड चालायचं तुझं, भांड्यावरून, पानावरून, अन् तेव्हाच काहून गप बसली वं? "हिनं केलं" एवढं म्हणायचं होतं. मी कदाचित रडले असते, कबूल झाले असते. बघा, आता तिच्यावर ढकलून राहिली मी. चोर तर चोर, वर शिरजोर.

तिनं कागदाची गुंडाळी केली, काखेत धरली आणि गेली. संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा तिची गादी आणि पेटी नव्हती. घरमालकीणबाईंनी विचारलं, भांडल्या का गं दोघी? मी म्हटलं, नाही काकू, तिची नोकरी हुकली, म्हणून घरी गेली. पाहुणे दिवाळीचीही वाट न बघता आले. तिचं लग्न पारशिवनीजवळच झालं. वर्गातल्या मुली बरीच वर्षं तिचं नाव निघालं की म्हणायच्या, हुशार होती, पण खोटारडी निघाली. हे माझ्यासमोर बोलायच्या. मी चहा ओतत असायचे.

मी नोकरी केली. पुस्तक निघालं. त्यात माझा एक गाठ असलेला तरोटा छापला गेला, म्हणजे टेबलावरचं हे तिसरं चित्र, ते छापलेलं पान. प्रताप नगरातच फ्लॅट घेतला, तो प्लॉट तर केव्हाच बांधला गेला. तरोटा मेला का? डोंबल! आमच्या कंपाउंडच्या भिंतीला दर पावसाळ्यात येतो. वॉचमनला सांगून मी उपटून टाकवते. तो बिचारा म्हणतो, राहू द्या ना मॅडम, भाजी करू.

आता या वर्षाचं ऐका, कारण खरं तर त्यासाठी लिहायला बसले. जुनं पाप असतं तर मी ते घेऊन सरणावर गेले असते.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. संपादनाला एक तरुण मुलगी आली, चांगली आहे. तिनं तरोट्याची जमतील तेवढी चित्रं गोळा केली, प्लेट, शाळेचं, माझं, शिवाय फोनवर काढलेले फोटो, आणि सगळं ओळीनं लावून मला म्हणाली, मॅडम, चित्रांत एकच गाठ आहे आणि फोटोत दोन दिसतात, असं कसं? जो प्रश्न सरांनी विचारायला हवा होता, तो या पोरीनं चहा पिता पिता विचारला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, शाब्बास, बरोबर पकडलंस, त्या काळी आम्ही प्लेटच्या फार आहारी गेलो होतो. "आम्ही" म्हटलं. मग माझं शाईचं मूळ चित्र कपाटातून आणून त्यात पेनानं एक टिंब दिलं. क्षण लागला. तेच हे चौथं चित्र, सुधारित. प्रकाशनाच्या दिवशी अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की एवढ्या ज्येष्ठ कलावंत, पण स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली, असा प्रामाणिकपणा आता कुठे दिसतो! शाल दिली, नारळ दिला. टाळ्या वाजल्या. आणि मी माइकसमोर जाऊन म्हटलं, चूक कबूल करायला धैर्य लागतं. हे मी बोलले. माझ्या तोंडानं. जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कुंदाचा फोन आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिची मुलगी नागपूरला शिकते, तिनं ते पुस्तक घेतलं होतं. मला वाटलं, आता आलं. पण ती म्हणाली, "तरोटा कोवळा आहे, ये भाजी खायले." मी बसनं गेले. रस्ताभर मनाशी ठरवत होते की पोचल्या पोचल्या सांगायचं, पाणी प्यायच्या आधी.

ती म्हातारी दिसली नाही, याचंही मला वाईटच वाटलं. हात तेवढे रापलेत. स्वभाव तस्साच. मी भाजी निवडायला बसले तर दोन मिनिटांत ताट ओढून घेतलं, "जून पानं काहून टाकून राहिली वं त्यात? राहू दे, मीच करतो." घरभर माझी नजर फिरत होती, भिंतीवर कुठे ते चित्र आहे का. कॅलेंडर होतं, सासऱ्यांचा फोटो होता. विचारायची हिंमत झाली नाही. पाणी पिऊन झालं, चहा झाला, तिच्या नवऱ्याशी सोयाबीनच्या गप्पाही झाल्या.

जेवताना दोघीच होतो. तिनं पुस्तक आणलं, हात पुसून पान उघडलं आणि चित्रावर बोट ठेवलं. वरच्या गाठीवर, बरोब्बर. ती बोलली त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. भिंग देऊन वाट बघायची, तसं बोलली.

"दुसरी दिसली वाटते तुले."

यापेक्षा सोपं दार कोणी उघडून देत नाही. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तेव्हाच दिसली होती.

मी म्हटलं, "हाव वं. आता आता दिसली. चष्मा बदलला ना, नंबर वाढला होता."

कुंदानं माझ्या चष्म्याकडे पाहिलं. डाव्या काडीकडे, जुन्या काळ्या दोऱ्याकडे. टाचणीच्या टोकाएवढी गाठ जिच्या नजरेतून सुटली नाही, तिला तो दोरा दिसला. मग तिनं पुस्तक मिटलं, बाजूला ठेवलं आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

मी खाल्ली.